ईस्टलीतले सोमाली औषधांचे दुकान: झाडावरचे घ्यावे, बाटलीतले सोडावे

नैरोबीच्या ईस्टली भागात, फर्स्ट अॅव्हेन्यूला लागून असलेल्या एका जुन्या व्यापारी संकुलाच्या तळमजल्यावर, सोमाली वनौषधी विकणारे एक दुकान आहे. नैरोबीत नोकरीनिमित्त आल्यापासून मी तिथून डिंक, धूप आणि कलौंजीचे तेल घेत आले आहे, आणि औषधनिर्माणशास्त्र शिकलेली असल्यामुळे घेतानाच जरा जास्त चौकशा करण्याची मला खोड आहे. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या काही गोष्टी अतिशय चांगल्या आहेत, काही मला मुळीच पटलेल्या नाहीत, आणि याच धर्तीची अनेक दुकाने त्या परिसरात असल्यामुळे, अशा कोणत्याही दुकानात काय घ्यावे आणि काय घेऊ नये याची कल्पना येणे वाचकांच्या अधिक उपयोगाचे आहे.

माझे मत आधीच सांगून टाकते. ज्याची ओळख डोळ्यांनी आणि नाकाने पटू शकते, म्हणजे डिंकाचे खडे, सुकी पाने, बिया, मुळ्या, ते या दुकानात उत्तम दर्जाचे आणि वाजवी भावात मिळते. बाटलीत किंवा कॅप्सूलमध्ये बंद करून, वर आजारांची लांबलचक यादी छापून जे विकले जाते, ते घेऊ नये. आणि मागच्या खोलीत अंगावर जे उपचार केले जातात, त्यांपासून चार हात दूर राहावे.

ईस्टलीला आज सगळे ‘लिटल मोगादिशू’ म्हणतात, पण १९२१ साली हे उपनगर आकाराला आले तेव्हापासून पुढची कित्येक वर्षे इथे सोमालींच्या जोडीने भारतीय कुटुंबेही राहत होती. केनिया स्वतंत्र झाल्यावर त्यांतली बहुतेक पार्कलँड्ससारख्या भागांकडे सरकली. १९९१ मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळून सोमालियात यादवी माजली, तेव्हा निर्वासितांचे लोंढे केनियात आले. बरेच जण ददाबच्या छावण्यांत राहिले, तर काहींनी ईस्टली गाठून गॅरिसा लॉज नावाच्या साध्या लॉजच्या खोल्यांतूनच व्यापार सुरू केला आणि काही वर्षांत त्या लॉजचीच बाजारपेठ झाली. या इतिहासाचा औषधांशी जवळचा संबंध आहे. ज्यांच्याजवळ कागदपत्रे नाहीत, ज्यांना डॉक्टरची भाषा कळत नाही आणि ज्यांचे स्वतःच्या देशातले दवाखाने बेचिराख झाले आहेत, अशा माणसांना आजीबाईच्या बटव्यातली औषधे ठाऊक असलेल्या शेजारणीचाच पहिला आधार होता. आज ईस्टलीत खासगी दवाखाने आणि प्रयोगशाळा गल्लोगल्ली आहेत, तरीही ही दुकाने ओस पडलेली नाहीत. गिऱ्हाईक सकाळी डॉक्टरकडे जाऊन येते आणि दुपारी इथे येते, आणि बहुतेक वेळा एका ठिकाणी दुसऱ्या ठिकाणाबद्दल अवाक्षर काढत नाही.

दुकान चालवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या आहेत. सगळे गिऱ्हाईक त्यांना ‘एद्दो’, म्हणजे आत्या, म्हणते आणि मीही तेच म्हणते. हिशेब, एम-पेसाची, म्हणजे मोबाइलवरून पैशांची, देवघेव आणि माझ्यासारख्या परक्या गिऱ्हाइकाशी इंग्रजीत बोलणे ही कामे त्यांच्या भाच्याकडे आहेत. एद्दोंशी माझा व्यवहार मोडक्यातोडक्या स्वाहिलीत चालतो. गाळा जेमतेम दहा फूट रुंद आहे. समोर उघडी पोती, मागे काचेच्या बरण्या, डाव्या हाताला बाटल्यांचे कपाट आणि त्याच्या बाजूला पडदा लावलेली ती खोली, अशी मांडणी आहे. कपाटात सोमालियातल्या मधाच्या शेजारी पाकिस्तानातली तेले आणि भारतातले आवळ्याचे केशतेल सुखाने नांदते.

या दुकानात पहिला मान डिंकांचा. सोमालियाच्या उत्तरेला, एडनच्या आखाताला समांतर जाणाऱ्या सनाग आणि बारी या प्रांतांतल्या डोंगरांत, बोस्वेलिया कुळातल्या दोन झाडांपासून धुपाचा डिंक काढला जातो. एकाला बेयो म्हणतात, दुसऱ्याला मायदी. मायदीचे झाड, म्हणजे बोस्वेलिया फ्रेरियाना, फक्त याच मुलखात नैसर्गिकरीत्या वाढते आणि तेही चुनखडीच्या उभ्या कड्यांवर, बुंध्याचा फुगीर तळवा खडकाला चिकटवून. सालीवर ‘मंगाफ’ नावाच्या छोट्या हत्याराने चरा पाडतात, दुधासारखा चीक पाझरतो, वाळतो, आणि काही दिवसांनी तो खरवडून घेतात. त्याची प्रतवारी मुंबईतल्या काजूच्या व्यापाऱ्यालाही लाजवेल इतकी काटेकोर असते. मोठ्या, फिकट पिवळ्या, आरपार दिसणाऱ्या खड्यांना मुशाद म्हणतात. त्याखाली मुजरवल, मग लहानमोठे फस, आणि अगदी तळाला चुरा. एद्दो प्रत्येक प्रतीचा एकेक चमचा पांढऱ्या एनॅमलच्या ताटलीत ओतून शेजारी शेजारी ठेवतात, भाव सांगतात आणि गप्प बसतात. आपण पाहायचे, हुंगायचे, हवा तर एक खडा चघळून बघायचा. तो आधी दातांखाली भुरभुरतो, कडवटपणा येतो, आणि मिनिटाभरात त्याचा पांढरा, लवचीक गोळा होतो. चघळण्याचा डिंक म्हणून अरबस्तानात त्याला मोठी मागणी आहे आणि त्यामुळेच वरच्या प्रतीचा भाव बेयोच्या कितीतरी पट चढा असतो.

इथे एक सूचना. भाचा प्रत्येक प्रौढ गिऱ्हाइकाला मायदी गुडघेदुखीवर रामबाण असल्याचे सांगतो आणि गिऱ्हाईक सर्वांत महाग मुशाद घेऊन जाते. ज्या बोस्वेलिक आम्लांमुळे या कुळातल्या डिंकांची सांधेदुखीच्या संदर्भात चर्चा होते, ती आम्ले मायदीत जवळजवळ नसतात. ती बेयोत असतात, आणि आपल्या सातपुड्यात व विदर्भात वाढणाऱ्या साळईच्या डिंकात असतात. सांधेदुखीवरचे बरेचसे अभ्यासही साळईवरच झालेले आहेत. तेव्हा चघळायला आणि घरात जाळायला मायदी जरूर घ्यावी, सुगंध अप्रतिम आहे, पण गुडघ्यांच्या आशेने तिच्यावर जादा पैसे घालवू नयेत. मी हे भाच्याला सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला की, ज्यांची गुडघेदुखी थांबली ते परत येऊन सांगतात, ज्यांची थांबली नाही ते येत नाहीत. उत्तर प्रामाणिक होते, पण पुढच्याच गिऱ्हाइकाला त्याने पुन्हा तेच सांगितले.

मराठी घरांना अधिक ओळखीचा माल म्हणजे मलमल. हा आपला हिराबोळ. बाळंतिणीला बोळाच्या गोळ्या देण्याची चाल ज्या घरांत अजून टिकून आहे, त्या घरांतला बोळ शेकडो वर्षे याच किनाऱ्यावरून येत राहिला आहे. एकोणिसाव्या शतकात बर्बेरा बंदरात हिवाळ्यात मोठी जत्रा भरत असे, हिंदुस्थानातले वाणी व्यापारी तिथे मुक्काम ठोकून डिंक, कातडी, तूप घेत, आणि सोमाली डिंकांचा मोठा वाटा थेट किंवा एडनमार्गे मुंबईत उतरून, तिथे निवडून, पुढे जगभर जात असे. एद्दोंना हे माहीत आहे. त्यांच्या आजोळी बोळाचा व्यापार होता आणि ‘हिंदी’ व्यापारी खडे मोडून पाहिल्याशिवाय पैसे देत नसत, असे त्या कौतुकाने सांगतात.

खडा मोडून पाहणे हीच खरी परीक्षा आहे आणि एद्दो ती स्वतःहून करून दाखवतात. चांगला मलमल बाहेरून तांबूस-तपकिरी आणि धुळकट दिसतो, पण मोडल्यावर आतला भाग ओलसर, तेलकट चमकतो आणि त्यात नखाच्या आकाराच्या पांढुरक्या रेघा दिसतात. जिभेला लावला तर कडू जहर. पाण्यात घोटला तर पिवळसर दुधट पाणी होते. गोडसर वास आला तर तो मलमल नसून हदी, म्हणजे त्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाचा डिंक, समजावा. हदी धुपासाठी उत्तम, पण बोळ म्हणून घेऊ नये. एकदा घाईत मी भाच्याकडून मलमलची तयार पूड घेतली. घरी पाण्यात टाकली तर तळाशी वाळूसारखा गाळ बसला आणि कडवटपणा अगदीच बेताचा निघाला. परत नेल्यावर एद्दोंनी वाद न घालता खडे तोलून दिले आणि पूड बाहेरून आलेली असल्याचे सांगितले. बदली मिळाली, पण ती पुडीची बरणी पुढच्या वेळीही फळीवर तशीच होती, आणि हे मला आवडलेले नाही.

मलमलच्याच संदर्भात या दुकानाची सर्वांत चांगली बाजू दिसते. सोमाली बाईचे बाळंतपण चाळीस दिवसांचे असते, त्याला ‘अफर्तनबह’ म्हणतात. त्या काळात बाई घराबाहेर पडत नाही, नात्यातल्या बायका स्वयंपाकपाणी सांभाळतात, घरात सकाळ-संध्याकाळ धूप जाळतात आणि चाळिसाव्या दिवशी छोटा समारंभ होऊन बाई घराबाहेर पाऊल टाकते. पहिल्या दिवसांत दृष्ट लागू नये म्हणून बाळंतिणीच्या कानांत लसणीची पाकळी दोऱ्यात ओवून घालतात आणि बाळाच्या मनगटाला मलमलचा खडा बांधतात. पुमवानीचे सरकारी प्रसूतिगृह इथून जवळच आहे, त्यामुळे तिथून थेट या दुकानात आलेल्या आज्या आणि मावश्या पुष्कळदा भेटतात. एद्दो बरणीतून वाटाण्याएवढा खडा निवडतात, तापवलेल्या सुईने त्याला भोक पाडतात, काळा दोरा ओवतात आणि दोन्ही बाजूंना गाठ मारतात. गाठ अशी मारतात की बाळाने तोंडात घातला तरी खडा सुटू नये. ओढून पाहिल्याशिवाय त्या तो गिऱ्हाइकाच्या हातात देत नाहीत आणि या कामाचे पैसेही घेत नाहीत.

याच बाई गरोदर बाईला मलमल विकत नाहीत. माझ्यासमोर एक तरुण मुलगी पोट बिघडल्याची तक्रार घेऊन आली आणि मलमलचे पाणी पिण्यासाठी म्हणून खडे मागू लागली. एद्दोंनी तिच्याकडे क्षणभर पाहिले आणि विचारले, “अबायो (बहिणी), दिवस राहिलेत का?” मुलगी गप्प राहिली. “मग बाळ झाल्यावर ये, तेव्हा देईन. आज दवाखान्यात जा.” हिराबोळ गर्भाशयाला चालना देतो, म्हणून गरोदरपणात तो घेऊ नये, हे आयुर्वेदातही सांगितले आहे आणि आधुनिक पुस्तकांतही. पुष्कळ सुशिक्षित दुकानदार एवढी चौकशी करत नाहीत. एद्दोंनी हे पैसे सोडले म्हणून नव्हे, तर विचारण्याची त्यांची पद्धत इतकी सहज होती की मुलीला लाज वाटली नाही, म्हणून मला हा प्रसंग सांगावासा वाटतो.

धुराबद्दल मात्र माझे एद्दोंशी पटत नाही. ‘उन्सी’ म्हणजे बेयो, साखरेचा पाक, अत्तरे आणि सुगंधी लाकडाचा भुगा एकत्र शिजवून केलेला धूप, आणि तो ‘दबकाद’ नावाच्या धुपाटण्यात निखाऱ्यावर जाळतात. इथली उन्सी घरी केलेली असते, चिकट असते आणि कपड्यांना दोन दिवस वास टिकतो. वस्तू म्हणून तिला मी पैकीच्या पैकी गुण देईन. पण बंद खोलीत तान्ह्या बाळाजवळ दिवसातून दोन वेळा ती जाळणे योग्य नाही. आपल्याकडे ओवा, वावडिंग, बाळंतशेपा यांची धुरी देतात तेव्हाही बाळाच्या फुप्फुसांना हाच त्रास होतो. दम्याच्या घरात तर उन्सी नेऊच नये. मधाचेही तसेच. मध चांगला आहे, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. हे एद्दोंना सांगून पाहिले. त्यांनी ऐकून घेतले, इतकेच.

सौंदर्यप्रसाधनांत कासिल घ्यावी. ‘गोब’ नावाच्या झाडाची, म्हणजे आपल्या बोरीच्या जवळच्या भाऊबंदाची, पाने सुकवून, दळून ही हिरवी पूड करतात. पाण्यात कालवली की तिला फेस येतो, कारण पानांत शिकेकाईप्रमाणे सॅपोनिन असते. सोमाली बायका ती दह्यात किंवा पाण्यात कालवून चेहऱ्याला लावतात आणि केसही तिनेच धुतात. इथली कासिल बारीक वस्त्रगाळ आहे, रंग शेवाळी आहे, आणि दोन-तीनशे शिलिंगांची पुडी एका माणसाला महिनाभर पुरते. भडक हिरवी पूड दिसली तर रंग मिसळलेला समजावा. तेलकट त्वचेला ती मानवते, कोरड्या त्वचेला ओढ बसते, म्हणून अशांनी दह्यात कालवावी. एका गोष्टीचे समाधान असे की, गोरेपणाची क्रीम या दुकानात नाहीत. पारा आणि हायड्रोक्विनोन असलेल्या क्रीमवर केनियात बंदी असूनही बाजारात ती लपूनछपून मिळतात, आणि पाऱ्यामुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. एद्दोंच्या भाषेत, ज्याने अंग सोलते त्याला औषध म्हणत नाहीत.

दातांसाठी पीलूच्या मुळ्यांची काडी, म्हणजे ‘अदय’, ताजी आणि ओलसर मिळते. वाळकी घेऊ नये, इतकेच सांगण्यासारखे.

कलौंजीचे तेल इथे डोळ्यांसमोर घाण्यातून काढून देतात. छोटे विजेचे यंत्र आहे. आपण बी निवडायचे, ते तोलायचे आणि उभे राहायचे. तेल गडद, तिखट वासाचे आणि घशाला चरचरणारे निघते, जे ताजेपणाचे लक्षण आहे. मुस्लिम समाजात कलौंजीला मोठा मान आहे, कारण मृत्यू सोडून सर्वांवर ती उपाय असल्याची हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, प्रसिद्ध आहे. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण कलौंजीने रक्तातली साखर आणि रक्तदाब किंचित उतरू शकतो, आणि म्हणूनच मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने रोज चमचा चमचा तेल सुरू करण्याआधी डॉक्टरला सांगणे आवश्यक आहे. सोमाली समाजात मधुमेहाला ‘सोनकोरो’ म्हणतात, आणि या दुकानात सर्वाधिक विचारले जाणारे दुखणे तेच. गोळ्या बंद करून फक्त तेल घ्या, असे इथे कोणी मला किंवा माझ्यादेखत दुसऱ्या कोणाला सांगितलेले नाही. गिऱ्हाइकेच मनाने तसे करतात.

आता बाटल्यांकडे वळते. कपाटातल्या निम्म्याहून अधिक बाटल्यांवर घटकांची नावे नाहीत, उत्पादकाचा पत्ता नाही, आणि केनियाच्या औषध व विष मंडळाचा, म्हणजे फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाचा, नोंदणी क्रमांकही नाही. वनौषधींच्या तयार उत्पादनांचीही नोंदणी करावी लागते, हे भाच्याला पूर्ण ठाऊक आहे. एका बाटलीवर सांधेदुखी, दमा, मूळव्याध, वंध्यत्व, मधुमेह, दृष्ट आणि वजनवाढ असे सात उपयोग छापलेले होते. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी याच परिसरातून घेतलेल्या अशाच एका ‘वनौषधी’ पुडीने त्यांची सांधेदुखी दोन दिवसांत पळाली, चेहरा गोल झाला आणि साखर भराभर वाढली. औषधशास्त्र शिकलेल्या कोणालाही यावरून पहिली शंका येते ती स्टेरॉइडची. न सांगता स्टेरॉइड, दाहशामक गोळ्या किंवा सिल्डेनाफिल (व्हायग्रातले औषध) मिसळलेली ‘नैसर्गिक’ उत्पादने जगभरच्या औषध प्रशासनांनी वारंवार पकडली आहेत. अशी पुडी महिनोन्महिने घेऊन एकाएकी थांबवली तर शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड तयार होणे मंदावलेले असते आणि माणूस कोसळू शकतो. म्हणून जे कोणी अशी पुडी घेत असतील त्यांनी ती पुडीसकट डॉक्टरला दाखवावी. ज्या बाई मलमल विकताना एवढी खबरदारी घेतात, त्यांच्याच दुकानात हे कपाट का असावे, असे मी विचारले. भाड्याचे पैसे त्या कपाटातून निघतात, असे उत्तर मिळाले. ईस्टलीतली गाळ्यांची भाडी पाहता ते खोटे नसावे. म्हणून ते क्षम्य ठरत नाही.

पडद्यामागच्या खोलीत आठवड्यातले काही दिवस एक पाहुणे वैद्य बसतात. तिथे दोन उपचार होतात. पहिला हिजामा, म्हणजे तुंबडी. पूर्वी शिंग वापरत, आता प्लास्टिकचे पेले आणि हातपंप आहे. हिजरी महिन्याच्या सतराव्या, एकोणिसाव्या आणि एकविसाव्या तारखेला त्यासाठी रांग लागते, कारण त्या तिथी उत्तम मानल्या जातात. कोरडी तुंबडी लावून घेतली तर फार तर त्वचेवर काळेनिळे वण राहतात. त्वचेवर चिरा पाडून रक्त काढण्याचा प्रकार मात्र वेगळा. पाते प्रत्येकासाठी नवे असते, ते मी पाकीट फोडताना पाहिले. पेले मात्र बादलीत साबणाच्या पाण्याने धुऊन पुन्हा वापरले जात होते. हेपटायटिस बी हा विषाणू सोमाली लोकसंख्येत पुष्कळ आढळतो, तो शरीराबाहेरही कित्येक दिवस तग धरतो, आणि साबणाच्या पाण्याने तो नष्ट होईल याची शाश्वती नसते. ज्यांना श्रद्धेपोटी हिजामा करायचाच आहे, त्यांनी एकदाच वापरण्याचे पेले स्वतः विकत घेऊन जावेत आणि हेपटायटिस बी ची लस आधी टोचून घ्यावी.

दुसरा उपचार डाग देण्याचा. काडीचे टोक निखाऱ्यात लाल करून पोटावर, मनगटावर किंवा कपाळावर टेकवतात. ‘अगारशो’ म्हणजे कावीळ झाली की सोमाली घरांत हा उपाय हमखास सुचवला जातो. मराठी वाचकांनी याला नाक मुरडण्याचे कारण नाही. काविळीला डाग देणारे आपल्याही खेड्यांत आहेत आणि मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळांना ‘डंबा’ देण्याच्या प्रथेने कित्येक बाळे जखमी झाली आहेत. हेपटायटिस ए मधली कावीळ बहुधा आपोआप उतरते, आणि श्रेय डागाला जाते. यकृत खरोखर बिघडत चाललेले असते तेव्हा तोच डाग तपासणीचे मोलाचे आठवडे खातो. परदेशांत स्थायिक झालेल्या सोमाली कुटुंबांतल्या मुलांच्या अंगावरचे असे जुने वण पाहून डॉक्टरांना मारहाणीचा संशय आल्याचेही प्रकार घडले आहेत. या खोलीला माझ्याकडून शून्य गुण.

वरच्या मजल्यावर कुराणपठणाने उपचार करणारे एक इलाज केंद्र आहे. ते दुकानाचा भाग नाही, पण तिथून आलेली गिऱ्हाइके खाली तेल आणि ‘तहलील’साठी, म्हणजे कुराणाचे पठण करून फुंकर घातलेल्या पाण्यासाठी, बाटल्या घेतात. उदास झालेल्या, झोप उडालेल्या, घरदार गमावलेल्या माणसाला ओळखीच्या स्वरातले पठण ऐकून बरे वाटते, यात मला काडीचीही शंका नाही. अडचण उभी राहते ती फेपरे आणि तीव्र मनोविकार यांत, जिथे औषध थांबवणे धोक्याचे असते. सोमालियात मनोरुग्णांना साखळदंडाने बांधून ठेवण्याची प्रथा इतकी रुजलेली होती की जागतिक आरोग्य संघटनेला मोगादिशूत साखळ्या सोडवण्याची खास मोहीम राबवावी लागली. ईस्टलीतल्या या केंद्रात मला साखळ्या दिसल्या नाहीत. तिथले एक वृद्ध मौलवी आकडी येणाऱ्या मुलाच्या बापाला गोळ्या बंद करू नकोस असे दोनदा बजावत होते, हे नोंदवणे न्यायाचे ठरेल.

व्यवहाराबद्दल थोडेसे. भाव बोलून ठरतो, पण एद्दो स्वतः असतील तर घासाघीस करण्याची वेळ येत नाही. तराजू जुना पितळी असला तरी मापात मला कधी खोट आढळली नाही. पुडीवर नाव, तारीख, वापरण्याची रीत यांपैकी काहीही लिहिलेले नसते, त्यामुळे घरी गेल्यावर कोणती पूड कोणती हे ओळखणे कठीण जाते. पेन घेऊन जावे आणि तिथेच लिहून घ्यावे. पावती मागितली तर मिळते. संकुलाच्या दाराशी इसिओलोहून आलेले उंटिणीचे दूध कॅनमधून विकणाऱ्या बायका बसतात. ते धुरावलेल्या भांड्यातले, किंचित खारट आणि चवीला फार छान असते, परंतु उकळूनच प्यावे, कारण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिसचा ताप येतो आणि तो महिनोन्महिने पिच्छा सोडत नाही. मधुमेहावर म्हणून उंटाचे मूत्र मिसळलेले दूध कोणी देऊ केले, तर नम्रपणे नकार द्यावा.

गुणच द्यायचे तर डिंकांना आणि कासिलला पाचपैकी पाच, कलौंजीच्या तेलाला साडेचार, बाटल्यांच्या कपाटाला एक, मागच्या खोलीला शून्य. शहराच्या मध्यभागातून सहा किंवा नऊ क्रमांकाची मटाटू, म्हणजे खासगी मिनीबस, पकडावी. दुकान सकाळी नऊच्या सुमारास उघडते, प्रत्येक नमाजाच्या वेळी अर्धा तास बंद असते, शुक्रवारी दुपारी तर दोन तास. रमजानमध्ये संध्याकाळी जाऊ नये, कारण रोजा सोडण्याच्या गडबडीत एद्दो घरी निघून जातात आणि मग गल्ल्यावर भाचा एकटाच असतो.